काय कळलं नाही ते सांगा

२८ नोव्हेंबर २००७, बुधवार

शाळा सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत लांज्याला होते तोवर ही वही उघडलीच नाही. तिथे लिहायला वेळ नसतो आणि इथे वेळच वेळ.

निघताना अनिश झोपला होता. सासूबाई म्हणाल्या, उठवू नको, उठला की गळ्यात पडेल. मग मला सोडायला अनिशच्या बाबांना पिटाळलं. त्यांनी मला स्टँडवर सोडलं आणि ते मोटर दुरुस्तीचं दुकान उघडायला गेले. सगळं नीट झालं. मागच्या खेपेसारखी रडारड झाली नाही. अनिश आता दुसरीत आहे, त्याला समजायला लागलंय.

खोली उघडली तर आत कोंदट वास. घरमालकीण चंपाबाई मागच्या दाराने आल्या. "आलीस गो? पोराला न्हाय आनलास?" मी म्हटलं, त्याची शाळा आहे. त्या दर वेळी हेच विचारतात आणि मी दर वेळी हेच सांगते. त्या या खारी गावातच जन्मल्या, इथेच नांदल्या. भोवतालच्या शेतांच्या बिल्डिंगा झाल्या, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. बाईमाणसाला नोकरीसाठी घर सोडावं लागतं हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

शिक्षण सेवक म्हणून माझं हे दुसरं वर्ष. तिसरं पार पडलं की कायम. तोवर कोणालाही नाही म्हणायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. म्हणून आज मुख्याध्यापक राणे सरांनी बोलावून सांगितलं तेव्हा मान हलवली. ठाण्याच्या एका संस्थेने शाळेला दोन डिजिटल कॅमेरे दिलेत. नववीच्या मुलांनी फोटो काढायचे, त्यावर स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगायची आणि कॉम्प्युटरवर जोडून तीन-चार मिनिटांची फिल्म करायची. विषय, 'मी राहतो ती जागा'. फेब्रुवारीत पालकांना दाखवायची. मी म्हटलं, सर, मी मराठी शिकवते, मला कॅमेरा धरतासुद्धा येत नाही. ते म्हणाले, गोष्ट मराठीतच सांगायची आहे ना, मग झालं तर.

१ डिसेंबर, शनिवार

ठाण्याला प्रशिक्षण झालं. शिकवायला माझ्याहून लहान मुलगी होती. ती म्हणाली, शिक्षकांनी फिल्म तपासायची नाही. मुलांनीच एकमेकांच्या बघायच्या आणि तीन गोष्टी सांगायच्या: काय आवडलं, काय कळलं नाही, काय विचारायचंय. ते ऐकून करणाऱ्याने फिल्म सुधारायची.

मला काही हे पटलं नाही. मुलांना एवढं कळत असतं तर आपण कशाला? पण फुकट जेवण होतं आणि शेजारी बसलेल्या बाईंशी चांगल्या गप्पा झाल्या. त्या कल्याणच्या. नाव विचारायचं राहिलं.

७ डिसेंबर, शुक्रवार

गट पाडले. काल सहा डिसेंबर म्हणून बरीच मुलं आईवडिलांबरोबर दादरला गेली होती, त्यामुळे आजच पाडावे लागले. समाधान म्हणजे आमच्या वर्गातला रेडिओ. त्याच्या गटात यायला सगळेच तयार. मिनलने मैत्रिणी गोळा केल्या. शेवटी पंचशीला एकटी उरली. मी तिला मिनलच्या गटात टाकत होते, तर ती म्हणाली, बाई, मी एकटीच करते. आमच्या घरात जास्त माणसं येऊन चालणार नाहीत. मी कारण विचारलं नाही. एका खोलीत राहणारी मुलं असतात, त्यांना लाजवायला नको.

१५ डिसेंबर, शनिवार

आज फजिती झाली.

पहिल्या दोन फिल्म दाखवल्या. समाधानच्या गटाची 'आमचा नळ' आणि मिनलच्या गटाची 'आमची सोसायटी'. मुलांना चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहू नका म्हटलं, म्हणजे मोकळेपणाने लिहितील. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'छान'. काहींवर 'खूप छान'. एकीवर 'मस्त रे सम्या'. आणि एकीवर मिनलच्या आवाजाबद्दल एकच शब्द, 'बकरी'. मी न वाचताच चिठ्ठ्या वाटल्या होत्या.

मधल्या सुट्टीनंतर मिनल वर्गात आली नाही. शोधलं तर पाण्याच्या टाकीमागे बसलेली. मी म्हटलं, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी असं लिहिलंय का कधी?"

मला कोण लिहिणार? माझ्याबद्दल इथे कोणी काही बोलतच नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

१८ डिसेंबर, मंगळवार

चिठ्ठ्या बंद केल्या. आता बाकं भिंतीला लावून गोल बसायचं. ज्याला बोलायचंय त्याने तोंडावर बोलायचं. फिल्म करणाऱ्याने सगळ्यांचं होईपर्यंत गप्प बसायचं, मग उत्तर द्यायचं. नुसतं 'छान' म्हणायला बंदी. काय छान ते सांगायचं.

मुलांना हे आवडलं. पण पहिली फिल्म कोणाची म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले. मिनल तर पार भिंतीला टेकली. मी म्हटलं, पहिली माझी. तोंडून निघून गेलं. आता करावी लागणार.

२३ डिसेंबर, रविवार

रविवार चांगला गेला. एरवी रविवारी दुपार ढळता ढळत नाही. सकाळीच भात टाकते, तोच संध्याकाळी. कपडे धुऊन झाले की मग चंपाबाईंचा टीव्ही भिंतीतून ऐकत बसायचं.

आज कॅमेरा घेऊन निघाले. केबिन रोडवर केळ्यांच्या गाडीचा फोटो काढायला गेले, तर गाडीवाल्याने भराभर गोणपाट टाकून गाडी ढकलायला घेतली. त्याला वाटलं मी महापालिकेची. "भैया, मैं टीचर हूँ," म्हटल्यावर हसला आणि पुन्हा गोणपाट काढून ऐटीत उभा राहिला. रिक्षांची रांग, बांगड्यांचं दुकान, खारीत चंपाबाईंच्या अंगणात दोरीवर सुकणारे बोंबील, शाळेचं फाटक, सगळं काढलं. खोलीतही काढला एक, गॅस आणि ताट मांडलेला कोपरा. मुलांचे वर्गातले फोटो आहेतच.

२४ डिसेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर आवाज भरला. रिक्षांचे हॉर्न येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या. शेवटचं वाक्य असं केलं: 'या गावात मला एकटं वाटत नाही, कारण इथे माझी मुलं आहेत.' आणि त्यावर वर्गाचा फोटो. वाक्य चांगलं जमलंय. फक्त 'एकटं' या शब्दाला आवाज चिरकत होता, म्हणून पुन्हा पुन्हा भरावं लागलं. थंडीमुळे घसा बसला असेल.

२६ डिसेंबर, बुधवार

माझी फिल्म दाखवली आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. गप्प बसणं सोपं नाही. मुलांचं काय होत असेल ते आज कळलं.

समाधानला गोणपाट टाकणारा गाडीवाला आवडला. तेवढाच भाग खरा वाटतो म्हणाला. मिनल आधी चाचरली, मग म्हणाली, बाई, तुम्ही बातम्या वाचल्यासारख्या बोलता. सगळे दबकत हसले. मला राग आला नाही. तिचं बरोबरच आहे.

मग पंचशीला उभी राहिली. "बाई, मला एक कळलं नाही. तुमच्या सगळ्या फोटोंत माणसं आहेत. फक्त तुमच्या खोलीत कोणी नाही. एकच ताट आहे. आणि तुम्ही म्हणता एकटं वाटत नाही."

माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, अगं, फोटो मीच काढत होते, मग मी फोटोत कशी दिसणार? वर्ग हसला. ती हसली नाही, पण बसली.

हुशार आहे, पण नको तिथे खोलात जाते. अनिशबद्दल इथे मी कोणाला सांगितलेलं नाही. तसं लपवलंही नाही. आधी कोणी विचारलं नाही आणि मग आपणहून सांगायला उशीर झाला. शिवाय सांगितलं की पुढचे प्रश्न येतात: किती लहान, कोणाकडे असतो, राहतो कसा. एकट्या चंपाबाईंना सांगितलं, त्याचं अजून भोगतेय.

५ जानेवारी २००८, शनिवार

पंचशीलाची फिल्म. नाव 'आई झोपली आहे'.

तिची आई एका दवाखान्यात आया आहे. रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. एकच खोली. फिल्मभर कोणी मोठ्याने बोलत नाही. कडीला फडकं गुंडाळलंय. कुकर लावत नाहीत, शिट्टी होते म्हणून. धाकटा भाऊ पत्र्याचा डबा मांडीत धरून, पोटाशी दाबून उघडतो. आणि गोधडीतून बाहेर आलेले आईचे पाय, टाचा फुटलेल्या. पंचशीला सगळं कुजबुजत सांगते.

फिल्म संपल्यावर वर्गही हळू आवाजात बोलायला लागला, ते मला गमतीचं वाटलं. समाधान म्हणाला, आवाज वाढव, नीट ऐकू येत नाही. मिनलने विचारलं, नुसते पायच दिसतात, चेहरा का नाही दाखवला? पंचशीला सगळ्यांचं होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दिवसा आमच्या घरात असंच बोलतात. आणि चेहऱ्याजवळ कॅमेरा नेला तर ती उठेल."

समाधानने विचारलं, मग तू तिच्याशी बोलतेस कधी? ती म्हणाली, "ती कामाला निघते तेव्हा. मी दारापर्यंत जाते."

मी नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं की फोटोंत उजेड कमी आहे, आणि पालक येणार आहेत तर सुट्टीच्या दिवशी आईचा एक हसरा फोटो काढून शेवटी जोड. म्हणजे शेवट उदास होणार नाही. ती हो बाई म्हणाली. पण जोडेल असं वाटत नाही.

घरी आले आणि मीही कडी आवाज न करता लावली. आत कोण झोपलं होतं म्हणून, देव जाणे.

१२ जानेवारी, शनिवार

संक्रांत आली. तिळाच्या वड्या केल्या, डबा लांज्याला पाठवला. त्याबरोबर माझ्या फिल्मची सीडीही. अनिशला दिसेल आई कुठे राहते ते. केबिन रोडवरच्या सायबरवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, "मॅडम, वीसीडी बनानी पड़ेगी, नहीं तो गाँव के प्लेयर पे चलेगी नहीं." ती करून घेतली. लांज्याला जाणारी रात्रीची बस हायवेला घोडबंदरजवळ थांबते, त्या ड्रायव्हरच्या हातात डबा दिला. तो ओळखीचा झालाय. आमच्या शेजारच्या बाबाजीकाकांकडे प्लेयर आहे, तिथे बघतील सगळे.

२० जानेवारी, रविवार

फोन झाला. घरात रेंज येत नाही, म्हणून अनिशचे बाबा दर रविवारी अंगणात फणसाखाली उभे राहून फोन करतात. त्यांना फिल्म आवडली. म्हणाले, तुझा आवाज टीव्हीवरच्यासारखा वाटला. सासूबाईंनी बोंबील ओळखले. अख्खी वाडी जमली होती म्हणे.

मग अनिशला दिला. हल्ली तो फोनवर बोलत नाही, हो-नाही करतो. आज त्याला बोलतं करायला मी म्हटलं, आमच्या शाळेत मुलं फिल्म बघून तीन गोष्टी सांगतात, तूही सांग. काय आवडलं?

"रिक्षा. लय होत्या."

काय कळलं नाही?

"तू म्हणतेस माझी मुलं आहेत. ती कोण?"

मी म्हटलं, अरे, ती शाळेतली मुलं. मी शिकवते ना त्यांना. तसं म्हणायची पद्धत असते.

"बरं."

आणि काय विचारायचंय? हे मी विचारलं. विचारायलाच नको होतं.

"त्यांना तू रोज दिसतेस?"

मी म्हटलं, रविवार सोडून. तो परत बरं म्हणाला आणि फोन आजीकडे देऊन गेला. सासूबाई वड्यांबद्दल बोलत होत्या. वड्या कडक झाल्या होत्या म्हणाल्या. मी हो हो म्हणत होते.

२१ जानेवारी, सोमवार

शाळेत गेले. शिकवलं. आले.

२२ जानेवारी, मंगळवार

कॉम्प्युटरवर ती फिल्म उघडून बसले. 'माझी मुलं' एवढंच कापून बघितलं. 'मला एकटं वाटत नाही, कारण इथे आहेत.' वाक्य लंगडं झालं. मग अख्खं वाक्यच कापलं. आता फिल्म कुठेच संपत नाही, वर्गाचा फोटो येतो आणि मुलं नुसती बघत राहतात. शेवटी होतं तसं परत केलं.

खरं तर माझं काय चुकलं? ती माझीच मुलं आहेत. वर्गाला सगळेच असं म्हणतात.

मी त्या कॅमेऱ्याला हातच लावायला नको होता.

२४ जानेवारी, गुरुवार

राणे सरांनी बोलावलं. कार्यक्रमात सर्वांत आधी माझी फिल्म दाखवायची. शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलंय, पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापायचं म्हणाले. मी म्हटलं, सर, माझी दाखवू नका, मुलांच्या दाखवा. त्यांना वाटलं मी लाजतेय. मी पुन्हा म्हटलं, नको, खरंच नको. कारण सांगितलं नाही. ते चष्मा काढून बघत राहिले आणि म्हणाले, तुमच्या पुढच्या वर्षाचा प्रस्ताव याच महिन्यात आपल्या शिक्षण संस्थेकडे जायचाय, लक्षात आहे ना? मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, बघा.

इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणाला नाही म्हटलं.

वर्गावर गेले. व्याकरण घ्यायचं होतं. त्याऐवजी बाकं भिंतीला लावायला सांगितली आणि मुलांना सांगून टाकलं, की मला मुलगा आहे, सात वर्षांचा, गावी असतो, आणि त्याने फिल्म बघून हे विचारलं. वर्गात असं बोलायचं नसतं, ते मला माहीत आहे. पण मला दुसरं कोणी नव्हतं.

कोणी हसलं नाही. मिनलने विचारलं, बाई, मग तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, विषय निघाला नाही. ते तिला पटलं नसावं.

पंचशीला तास संपल्यावर टेबलाजवळ आली. "बाई, त्याला बोलवा ना कार्यक्रमाला. फिल्ममध्ये नसला तरी चालेल."

२७ जानेवारी, रविवार

फोन. मी म्हटलं, सोळा फेब्रुवारीला कार्यक्रमाला तुम्ही दोघं या. ते म्हणाले, बघू. हे कशालाही बघू म्हणतात. दुकान बंद ठेवावं लागेल, अनिशची शाळा बुडेल, एवढा प्रवास त्याला सोसेल का. मी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हटलं, या. अनिश फोनवर आला नाही. तो ओढ्यावर गेलाय म्हणाले, पण मला मागे त्याचा आवाज येत होता.

१० फेब्रुवारी, रविवार

येतायत. तिकीट काढलं.

चंपाबाईंना सांगितलं तर त्यांनी एक गादी आणि दोन ताटं आणून दिली, मी न मागता. आणि म्हणाल्या, "पोरं ताटान जेवली का घर घर वाटते." मी ताटं घासून पालथी घातली.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बस आली. अनिश उतरला तो बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला. उंच झालाय. मी जवळ घेतलं तर लाकडासारखा ताठ. हे म्हणाले, प्रवासाने दमलाय.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. राणे सरांनी भाषण केलं, माझं नाव घेतलं नाही. माझी फिल्म दाखवली नाही. मुलांच्या फिल्मना टाळ्या पडल्या. समाधानच्या गटाने 'आमचा नळ' पुरती बदलली होती. मुलांनी त्याला सांगितलं होतं की नळ दिसला, रांग दिसली, पण पाणी कुठे दिसलं नाही. आता शेवटी पाणी येतं. मिनलचा आवाज स्पष्ट आणि मोठा. बकरी म्हणणाऱ्याने ऐकला असेल.

पंचशीलाची आई रात्रपाळी संपवून थेट हॉलवर आली होती. दिवे मालवल्यावर खुर्चीतच तिला झोप लागली. फिल्म सुरू झाली, पडद्यावर तिचे पाय आले, पण तिला काही कळलं नाही. शेजारची बाई तिला हलवायला लागली, तर पंचशीलाने येऊन तिचा हात धरला आणि नको म्हणून मान हलवली. हसरा फोटो तिने जोडलाच नाही. शेवट तसाच ठेवला.

अनिश माझ्या आणि बाबांच्या मध्ये बसला होता. आल्यापासून माझ्याशी काही बोलला नव्हता. ती फिल्म चालू असताना त्याने तसंच कुजबुजत विचारलं, "हिची आई घरीच असते ना?"

मी म्हटलं, हो, दिवसा झोपते.

"पण घरीच ना?"

"हो."

मग तो पुन्हा पडद्याकडे बघायला लागला.

१७ फेब्रुवारी, रविवार

गेले दोघं.

आज शाळेचा कॅमेरा माझ्याकडेच होता. सकाळी अनिशच्या हातात दिला, म्हटलं काढ काय हवं ते. मग तो हाती लागला नाही! खोलीत, अंगणात, गल्लीत, नुसता क्लिक क्लिक. मी त्याच्या आवडीची घावनं करत होते. म्हटलं, अरे, माझा काढ ना एक. तो म्हणाला, थांब, आधी हे. त्याचे बाबा त्याच्यामागून फिरत होते. दोघं पार शाळेत जाऊन आले, रविवार असूनही शिपायाने माझा वर्ग उघडून दिला. चंपाबाई त्याला म्हणाल्या, ऱ्हा इथंच आजीकडं. तो त्यांच्या कोंबड्यांमागे बराच वेळ पळला.

जेवताना यांच्याकडे विषय काढला. जूनपासून त्याला इथल्या शाळेत घालू या का? मी दिवसभर शाळेत, मग त्याच्याकडे कोण बघणार, हे त्यांचं म्हणणं. आणि सासूबाई तिकडे एकट्या पडतील. तेही खोटं नाही. शेवटी म्हणाले, बघू.

हायवेला बस आली तेव्हा मला वाटलं आता रडेल. नाही रडला. खिडकीत बसला आणि समोर बघत राहिला. शहाणा झालाय.

येताना रिक्षा केली नाही. चालत आले.

१८ फेब्रुवारी, सोमवार

त्याचे फोटो कॉम्प्युटरवर टाकले. मला वाटलं होतं कोंबड्या असतील, रिक्षा असतील. कोंबडी एक नाही. दार आहे. कडी आतून, कडी बाहेरून. मोरी. खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी बिल्डिंग. गॅसचा कोपरा. माझी पर्स अडकवते तो खिळा. गादी. मग गल्ली, गल्लीचं वळण, पिठाची गिरणी, पुढचं वळण, रिक्षा स्टँड, शाळेचं फाटक, वर्गाचं दार, माझं टेबल.

माझा एकही नाही. घावनं करताना मी तिथेच होते, पण त्याने तवाही मी बाजूला झाल्यावर काढलाय.

वाईट वाटलं, का लिहू नये? मुलांना वस्तूंचंच कौतुक. बरेचसे हललेतही. वर्गात कोणी अशी फिल्म केली असती तर मी म्हटलं असतं, यात गोष्ट कुठे आहे?

२४ फेब्रुवारी, रविवार

फोनवर हे म्हणाले, अनिश त्या फोटोंसाठी मागे लागलाय, पाठव. सगळे? म्हटलं, त्यातले बरेच बिघडलेत. ते म्हणाले, सगळे म्हणतोय, आणि काढले त्याच क्रमाने. सीडी करून बसवाल्याकडे दिली. लांज्यात स्टुडिओ आहे, तिथे धुऊन घेणार.

८ मार्च, शनिवार

शिक्षण संस्थेचं पत्र आलं. तिसरं वर्ष मिळालं. राणे सरांनी स्वतः हातात दिलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी हा प्रकल्प तुम्हीच घ्या, मुलं बोलायला शिकली. मी आभार मानले. समाधानने कुठून तरी ऐकलं आणि वर्गाने बाकं वाजवली.

आनंद झाला. केबिन रोडवरून पेढे घेतले. चंपाबाईंना दिले, समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनला दिले. उरलेले डब्यात ठेवले. आणखी एक वर्ष.

९ मार्च, रविवार

आज फोन लवकर आला. मी भांडी घासत होते, हात तसेच ओले. पेढ्यांचं सांगितलं. त्यांना बरं वाटलं. म्हणाले, अनिशने ते फोटो त्याच्या अंथरुणाजवळच्या भिंतीला चिकटवलेत, रांगेने, दारापासून तुझ्या टेबलापर्यंत. आजीला हात लावू देत नाही. मी म्हटलं, भिंतीचा रंग निघेल. ते म्हणाले, निघू दे.

मग पलीकडे खसफस झाली आणि अनिश आला. त्याने आपणहून फोन मागितला होता.

"आई, तू आत्ता कुठे आहेस?"

मी म्हटलं, कुठे म्हणजे? खोलीवर.

"खोलीत कुठे? खिडकीकडे की मोरीकडे?"

"मोरीकडे. भांडी घासतेय."

"तोंड कुठे? दाराकडे?"

मी बघितलं. म्हटलं, नाही, भिंतीकडे. दार डाव्या हाताला आहे.

"मग खिळा तुझ्या पाठीमागे," तो म्हणाला. "थांब. आत रेंज येत नाही. मी आत जाऊन बघून येतो. तू हलू नको."

त्याची पावलं अंगणातून पळत गेली. फोन यांच्या हातात होता. हातात ताट होतं, अर्धं घासलेलं. मी तशीच उभी राहिले.